जपूनरावांची शेगडी

बिस्किटांच्या एका कारखान्याने आपल्या सुरक्षा अधिकाऱ्याला, इतक्या वर्षांत कारखान्यात साधी ठिणगीही पडू दिली नाही म्हणून, रीतसर समारंभ करून शेगडी भेट दिली. ही कल्पना नेमकी कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली, हे अजून कुणी कबूल केलेलं नाही.

शेगडी मात्र देखणी होती. स्टीलची, चार पायांची, वर भाजायची जाळी आणि मागच्या बाजूला उभं नळकांडं. त्या नळकांड्यात लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या ओतायच्या आणि खालच्या छोट्या दारातून काडी लावायची. खालच्या कांड्या जळत जातात तशा वरच्या आपोआप घसरत खाली येतात. सोबतच्या माहितीपत्रकात त्यांना 'पेलेट' म्हटलं होतं. जपूनरावांच्या घरात त्या पहिल्या दिवसापासून कांड्याच झाल्या.

जपूनराव हे अर्थातच त्यांचं कागदोपत्री नाव नव्हे. जिन्यात कुणीही भेटलं, की लोक जिथे 'काय, कसं काय?' म्हणतात तिथे ते 'जपून!' म्हणत, म्हणून इमारतीने आणि कारखान्याने त्यांना हे नाव एकमताने बहाल केलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळूही कुणी म्हणत नसे. शेगडी घरी आली तेव्हा त्यांनी ती बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात ठेवली, तिच्यावर चादर घातली आणि शेजारी वाळूची बादली ठेवली. न पेटलेल्या शेगडीशेजारी वाळू कशाला, असं बायकोने विचारलं. 'पेटल्यावर आणायला वेळ कुठे असतो?' असं उत्तर मिळाल्यावर तिने त्या चादरीवर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली. तिथे शेगडी सुखाने म्हातारी झाली असती. पण लेकीचा फोन आला.

लेक दुसऱ्या शहरात नोकरी करत होती आणि तिथे तिने एक मुलगा पसंत केला होता. येत्या रविवारी ती त्याला आणि त्याच्या आईला घेऊन पहिल्यांदाच घरी येणार होती. 'आई, साधंच कर काहीतरी,' ती म्हणत होती. इतक्यात जपूनरावांनी फोन आपल्या हातात घेतला आणि स्वतःलाही अनपेक्षित असं एक वाक्य बोलून गेले.

"साधं कशाला? गच्चीवर जेवू. शेगडीवर भाजून."



"बाबा, पेटवणार कोण?"

"म्हणजे काय? मी!"

"तुम्ही?" लेक हसायला लागली. "बाबा, माझ्या वाढदिवसाच्या केकवर तुम्ही मेणबत्तीच्या जागी टॉर्च उभा करायचात. मी फुंकर मारायची आणि तुम्ही बटण बंद करायचात. आठवतंय ना? सगळ्या मैत्रिणी टाळ्या वाजवायच्या, आणि शाळेत वर्षभर मला टॉर्च म्हणायच्या."

ती हसत हसतच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. पण फोन ठेवल्यावर जपूनराव बराच वेळ शेगडीकडे बघत बसले. आपण लेकीला खरचटूही दिलं नाही, याचा त्यांना आजवर अभिमान होता. तिला टॉर्च म्हणत हे मात्र त्यांना आजच कळलं होतं. आता काही झालं तरी रविवारी लेकीसमोर खराखुरा जाळ पेटवून दाखवायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि चादरीवरचे इस्त्रीचे कपडे उचलून कपाटात ठेवले. बायकोच्या लक्षात आलं की प्रकरण गंभीर आहे.

पहिला अडथळा गच्चीच्या दारातच उभा होता. 'गच्चीवर कोणत्याही प्रकारचा जाळ करण्यास सक्त मनाई आहे' असा तांबड्या अक्षरांचा फलक तिथे लावलेला होता. जपूनराव इमारतीच्या चिटणिसांकडे गेले.

"परवानगी लागेल," चिटणीस म्हणाले. "अर्ज करा. मी तो सुरक्षा समितीकडे पाठवतो."

"समितीत सध्या कोण कोण आहे?"

"तुम्हीच आहात. बाकीचे दोघे तुमच्या बैठका फार लांबतात म्हणून केव्हाच सोडून गेले. आणि हो, तो फलकही तुम्हीच रंगवलाय."

दुसरा एखादा असता तर तिथेच हसून मोकळा झाला असता. पण नियम तो नियम. जपूनरावांनी घरी येऊन जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला बसून अर्ज लिहिला. मग उठले, चष्मा बदलला, समोरच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि अर्ज वाचू लागले. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अहो, चहा कुणाला देऊ?" बायकोने विचारलं. "अर्जदाराला की समितीला?"

"समितीला दे. अर्जदाराने सगळंच मोघम लिहिलंय. इंधन कसलं, त्यात काय आहे, त्याच्या धुराने खाणाऱ्याला अपाय होणार नाही कशावरून, याचा पत्ताच नाही."

अर्ज नामंजूर झाला. जपूनरावांना मनापासून वाईट वाटलं, पण समितीच्या निःपक्षपातीपणाबद्दल थोडं बरंही वाटलं. दोन्ही भावना एकाच चहाबरोबर गिळून ते इंधनाच्या शोधात बाहेर पडले.

आता लाकूड म्हणजे लाकूड, असं आपल्यासारख्यांना वाटतं. पहिल्या दुकानदारालाही तसंच वाटत होतं. त्याने भलंमोठं पोतं पुढे ओढलं. त्यातल्या कांड्या खोली उबदार ठेवायच्या भट्टीसाठी होत्या.

"याच चालतील की साहेब. आग ती आग."

"भुसा कसल्या लाकडाचा आहे?"

"लाकडाच्याच लाकडाचा."

"जुन्या रंगवलेल्या दारांचा? प्लायवूडचा? वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेल्या फळ्यांचा?" जपूनरावांचा आवाज चढू लागला. "भट्टीचा धूर धुराड्यातून बाहेर जातो हो! माझा धूर कणसातून माझ्या विहीणबाईंच्या पोटात जाणार आहे!"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हळूच बाहेर पडली. दुसऱ्या दुकानात खास स्वयंपाकाच्या म्हणून कांड्या मिळाल्या, पण पिशवीवर 'सुगंधी' असा शब्द होता. सुगंध लाकडाचा की वरून शिंपडलेल्या तेलाचा, असं विचारताच दुकानदाराने पिशवी परत फळीवर ठेवली. तिसऱ्या ठिकाणी चीड-देवदाराच्या निघाल्या. त्या लाकडात राळ असते, तिचा कडवट काजळीचा धूर अन्नाला लागतो, हे जपूनरावांनी एव्हाना वाचून काढलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, तर त्या दुकानदाराला उभ्या उभ्या अर्धा तास समजावूनही सांगितलं. त्यात जेवणाची सुट्टी गेल्याने दुकानदार उपाशी राहिला.

दरम्यान इमारतीत बातमी पसरली होती आणि सल्ल्यांना ऊत आला होता. वरच्या मजल्यावरचे भूगोलाचे निवृत्त मास्तर जिन्यात वाट अडवून म्हणाले, "कांड्यांचं सोडा, आधी वाऱ्याची दिशा सांगा." मग त्यांनी बोट ओलं करून वर धरलं आणि रविवारी वारा नैर्ऋत्येकडून येईल असं जाहीर केलं. चिटणिसांचं म्हणणं होतं की गॅसवर भाजून गच्चीवर नेऊन वाढलं तर कुणाला कळणार आहे? तळमजल्यावरच्या मांजरवाल्या मावशींनी तर जपूनरावांचा हात हातात घेतला. "लेकीसाठी किती वणवण करताय हो," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे खरोखरच पाणावले. मावशींचा स्वभावच तसा. इमारतीत कुणाला साधी शिंक आली तरी त्या काढा घेऊन दारात हजर असत.

अखेर एका दुकानात हवी ती पिशवी मिळाली. निव्वळ कठीण लाकूड, ना डिंक, ना तेल, ना रंग, अन्नासाठीच बनवलेल्या कांड्या, आणि झाडाचं नावसुद्धा छापलेलं. तरी जपूनरावांनी पिशवीवरच्या नंबरावर फोन लावला. तिकडे एक अतिशय सोशीक बाई होत्या.

"सर, खात्री करायची सोपी युक्ती सांगते. कांडी मोडून बघा, कट्‌कन मोडली पाहिजे. म्हणजे ती कोरडी आहे. आणि दोन-चार कांड्या ग्लासभर पाण्यात टाका. नुसता भुसा असेल तर फुगून त्याचा लगदा होईल. डिंकाने चिकटवलेल्या असतील तर बराच वेळ तशाच राहतील."

जपूनरावांनी ताबडतोब प्रयोग केला. कांडी कट्‌कन मोडली. ग्लासातल्या कांड्या फुगल्या, फुटल्या आणि त्यांचा छान मऊ लगदा झाला. असा लगदा पाहून इतका आनंद झालेला माणूस बायकोने यापूर्वी पाहिला नव्हता. त्याच संध्याकाळी समितीने अर्ज मंजूर केला. अट एवढीच, की गच्चीवर पाण्याने भरलेल्या मोठ्या बादल्या आणि वाळू तयार असावी. अर्जदाराने अट हसतमुखाने मान्य केली, शेगडी गच्चीवर नेली, पिशवीतल्या कांड्या पत्र्याच्या डब्यात ओतून डबा तिच्याशेजारी ठेवला आणि रांगेने पाण्याच्या बादल्या मांडल्या.

रविवार उजाडला. कणसं सोलून झाली, बटाटे, सिमला मिरच्या आणि अननसाच्या चकत्या ताटात मांडून झाल्या. जपूनराव इस्त्रीचा सदरा घालून जिन्यातून वर निघाले होते, इतक्यात मावशी वरून खाली येताना भेटल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी चांगलं काम केल्याचं समाधान ओसंडून वाहत होतं.

"सांगणार नव्हते, पण सांगतेच," मावशी म्हणाल्या. "तुमचा डबा बघितला, जरा कमीच भरलेला वाटला. पाहुणे यायचे आणि मध्येच विझायची, शोभतं का? आमच्याकडच्या ओतल्या त्यात आणि छान ढवळूनही ठेवल्या."

"तुमच्याकडच्या कसल्या?"

"मांजरीच्या. तिच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालतो ना, त्याच. अगदी कोऱ्या हो, नव्या पिशवीतल्या! त्यांना गुलाबाचा वाससुद्धा आहे."

जपूनरावांनी जिन्याचा कठडा घट्ट धरला. मावशींना त्या क्षणी काहीही बोलणं शक्य होतं आणि काहीही बोलणं अशक्य होतं. समोर ते पाणावणारे डोळे होते. "फार उपकार झाले," एवढं कसंबसं म्हणून ते दोन-दोन पायऱ्या गाळत गच्चीवर पळाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते जिन्यावरून पळाले.

डब्यात सगळ्या कांड्या सारख्याच दिसत होत्या. कठीण लाकडाच्या कुठल्या आणि मांजरीच्या कुठल्या, कळायला मार्ग नव्हता. जपूनरावांनी वास घेतला, तर डब्यालाच गुलाबाचा वास लागलेला. रविवार असल्याने कांड्यांची दुकानं बंद होती. पाहुणे आता येतीलच. अशा वेळी साधा माणूस डबा बाजूला सारून गॅस पेटवतो. पण जपूनरावांच्या कारखान्यातल्या टेबलामागे त्यांच्याच हाताने लिहिलेलं एक वाक्य टांगलेलं होतं, 'नमुन्यावर विसंबू नका, एकूण एक तपासा.' ते वाक्य आता त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, आणि त्याच्या मागे रांगेने भरून ठेवलेल्या पाण्याच्या बादल्या दिसल्या.

विचार अगदी बिनतोड होता. चांगल्या कांड्या पाण्यात फुगतात, हे सिद्ध झालेलं होतं. मांजरीच्या वाईट, म्हणजे त्या फुगणार नाहीत. मग न फुगलेल्या तेवढ्या वेचून फेकायच्या. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि मूठभरसुद्धा मागे न ठेवता सगळा डबा बादल्यांमध्ये रिता केला. मग एकेका बादलीवर वाकून पाहू लागले. एक कांडी फुगली, दुसरी फुगली, पाहता पाहता सगळ्याच फुगल्या. मांजरीच्या तर जरा आधीच फुगल्या असाव्यात, कारण ओलं झालं की फुगायचं हेच त्यांचं काम होतं. पण हा विचार जपूनरावांना तेव्हा सुचला नाही.

बायको कणसांचं ताट घेऊन वर आली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"अगं, पास! एकूण एक पास! एकही वाईट निघाली नाही!"

बायकोने बादल्यांमध्ये डोकावून पाहिलं. मग शेगडीकडे पाहिलं आणि ताट कठड्यावर ठेवलं.

"छान झालं. पण अहो, आता पेटवायचं काय?"

 जपूनरावांनी बादलीत हात घातला. हातात गरम लापशीसारखा काहीतरी गोळा आला, फक्त तो गार होता आणि त्याला गुलाबाचा वास होता. मावशींची मांजर तेवढ्यात कठड्यावरून उतरून आली, बादलीवर पुढचे पाय टेकवून तिने वास घेतला आणि अतिशय आपलेपणाने त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत जपूनराव कधी हतबल झाले नव्हते. आता ते उलट्या ठेवलेल्या रिकाम्या डब्यावर बसले.

"ती पुन्हा हसेल," ते म्हणाले. "आणि हसू दे गं, त्याचं काही नाही. पण मला एकदा, फक्त एकदाच, तिच्यासाठी खरंखुरं काहीतरी पेटवायचं होतं."

 बायकोने पदराने त्यांच्या नाकाला लागलेला भुसा पुसला.

पाहुणे आले ते धापा टाकत. लेक पुढे, तिच्या मागे तो मुलगा आणि सगळ्यांत शेवटी त्याची आई, कठडा धरून.

"अगं, लिफ्ट चालू आहे ना?" बायकोने घाबरून विचारलं.

"चालू आहे, काकू," मुलगा म्हणाला. "पण आत तपासणीची जी तारीख लावलीय ती उलटून गेलीय. म्हटलं, कशाला विषाची परीक्षा?"

"याची नोकरीच लिफ्ट तपासायची," त्याची आई श्वास घेत म्हणाली. "त्यामुळे मी आजवर एकाही लिफ्टमध्ये बसलेली नाही."

जपूनरावांनी मान वर करून मुलाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. लेक मात्र बादल्यांकडे बघत होती. तिने उलटा डबा पाहिला, लगदा पाहिला, बाबांच्या भिजलेल्या बाह्या पाहिल्या, आणि जपूनरावांनी मान खाली घालून जे घडलं ते सगळं सांगून टाकलं. दुकानं, धूर, अर्जदार, समिती, मावशी, मांजर, सगळं.

"बाबा," लेकीने विचारलं, "सगळ्या तपासल्यात? एकूण एक?"

"एकूण एक."

ती हसली नाही. त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली आणि लहानपणी बसायची तसं तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. "टॉर्चचं मी उगाच बोलले," ती म्हणाली. जपूनरावांनी लगद्याचा हात मागे नेला आणि कोरड्या हाताने तिच्या केसांवरून हात फिरवला.

मुलगा तेवढ्या वेळात बादलीशी उकिडवा बसून लगदा बोटांवर घासून बघत होता.

"काका, एक विचारू? बादल्या आधी धुतलेल्या होत्या ना? नाहीतर साबणाचा अंश राहून तपासणीत फरक पडतो."

"दोनदा धुतल्या!" जपूनराव डब्यावरून उठलेच.

"मग चाचणी बरोबर होती. डबा बंद करून ठेवायला हवा होता, एवढंच." मुलाने जरा संकोचून पाठीवरची पिशवी काढली, तिच्यातून आधी आग विझवायचं ब्लँकेट बाहेर काढलं, मग प्रथमोपचाराची पेटी, आणि सगळ्यांत खालून एक मोहोरबंद पाकीट. त्यावर कठीण लाकडाचं, जपूनरावांच्या पिशवीवर होतं त्याच झाडाचं नाव होतं. "राग मानू नका. हिने सांगितलं कांड्यांची शेगडी आहे. तुम्ही कसल्या वापरता ते माहीत नव्हतं. म्हटलं, आपल्या असाव्यात जवळ."

पहिल्यांदाच घरी आलेला माणूस यजमानाच्या इंधनावर संशय घेतो, म्हणजे खरं तर अपमानच. पण जपूनरावांना इतक्या वर्षांत कुणी इतकं गोड काही बोललं नव्हतं. त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, उलटसुलट करून वाचलं आणि मुलाकडे पाहिलं. मुलाने त्यांच्याकडे पाहिलं. मग दोघांचीही नजर एकाच वेळी उरलेल्या स्वच्छ पाण्याच्या बादलीकडे वळली.

"दोन-चार टाकून बघायच्या का?" मुलगा हळूच म्हणाला.

"दोन-चारने काय कळणार?" जपूनराव म्हणाले.

"खबरदार!" लेक ताडकन उठली आणि तिने पाकीट त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं. "पाण्याला कुणीही हात लावायचा नाही. दोघांनीही!"

मुलाची आई एव्हाना बायकोशेजारी कठड्याला टेकून बसली होती. "लहानपणी झोपाळ्यावर बसायच्या आधी कड्या ओढून बघायचा," ती म्हणाली. "तोवर बाग बंद व्हायची."

बायकोने लेकीकडे बघितलं. "घरात एवढा नमुना रोज डोळ्यांसमोर होता. तरी तू हाच पसंत केलास?"

"नमुन्यावर नाही गं, आई," लेक म्हणाली. "पूर्ण तपासून घेतलाय." आणि तिने मान फिरवून पाकीट नळकांड्यात ओतायला सुरुवात केली.

कांड्या खडखडत खाली गेल्या. जपूनरावांनी खिशातून काडेपेटी काढली. आठवडाभर त्यांनी मनातल्या मनात हे शंभर वेळा केलं होतं. पण काडी बाहेर काढल्यावर ते थांबले, आणि त्यांनी काडेपेटी लेकीपुढे धरली.

"तू पेटव."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. तिने काडी ओढली. ज्योत मोठी झाली, वाऱ्याने वाकली, आणि लेक शेगडीच्या दाराशी वाकली तेव्हा तो शब्द जपूनरावांच्या अगदी ओठांवर आला. त्यांनी तो मोठ्या कष्टाने गिळला.

"जपून!" शेजारून मुलगा ओरडला.

आतून बारीक तडतड ऐकू आली, मग दारातून पिवळा उजेड दिसू लागला. शेगडी पेटली होती. मावशी गच्चीच्या दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि त्यांच्याबरोबर आलेले मास्तर वारा ईशान्येकडून आहे हे कुणाला सांगावं ते शोधत होते. लेक सरळ उभी राहिली. हातातली काडी अजून जळत होती. तिने ती तोंडासमोर धरली, बाबांकडे पाहून हसली आणि गाल फुगवून फुंकर मारली.

काडी विझली. आणि जपूनरावांच्या अंगठ्याने, त्यांच्याही नकळत, हातात नसलेल्या टॉर्चचं बटण हळूच बंद केलं.